उघड्या अंगाला लपायला जागा नसते : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जपानी बाहुल्यांवर थोडं लिहिलं होतं, त्यात जाता जाता इकी-निंग्यो म्हणजे ‘जिवंत बाहुल्या’, खऱ्या माणसासारखे दिसणारे जपानी पुतळे, हा शब्द आला आणि दोन पहिलवानांच्या एका पुतळ्याचा उल्लेख आला. बाकी लेखाचं राहू द्या, त्या दोन वाक्यांवरच इतकी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, रागावू नका.

प्रश्न : ताई नमस्कार. मी तरुणपणी तालमीत होतो, आता गुडघे गेले पण कुस्ती बघायचं सुटलं नाही. तुमचं वाचून भाच्याने व्हॉट्सअॅपवर त्या जपानी पहिलवानांचा फोटो पाठवला. मला तो पुतळा वाटेचना, म्हटलं एकतर खऱ्या कुस्तीचा फोटो आहे नाहीतर हल्ली कॉम्प्युटरवर बनवतात तसलं काहीतरी. खरंच पुतळा आहे का, कुणाचा आहे, आणि ती कुस्ती निकाली झाली का बरोबरीत सुटली? — एक जुना पहिलवान, मिरज

उत्तर : काका, पुतळाच आहे आणि १८९० सालचा आहे, तेव्हा कॉम्प्युटरचा काही संबंध नाही. करणाऱ्याचं नाव यासुमोतो कामेहाची. क्युशू बेटावरच्या कुमामोतोचा माणूस, बुद्धमूर्ती घडवणाऱ्या घरातला, जन्म १८२६चा, म्हणजे ही जोडी केली तेव्हा साठी कधीच उलटून गेली होती. काम पुढे अमेरिकेत गेलं, आणि आता परत त्याच्याच गावात आहे, कुमामोतो शहराच्या समकालीन कला संग्रहालयात.

आता पहिलवान कोण. एक नोमी नो सुकुने आणि दुसरा ताइमा नो केहाया. यांची गोष्ट ‘निहोन शोकी’ नावाच्या जुन्या इतिहासग्रंथात आहे, तो ७२० साली पुरा झाला. केहाया हा ताइमा गावचा, अंगात इतकी रग की जनावराची शिंगं हाताने मोडायचा आणि लोखंडी आकडे सरळ करायचा, आणि माझ्या तोडीचा माणूस दाखवा, जीव गेला तरी चालेल पण एकदा लढायचंय, असं सांगत फिरायचा. सम्राट सुइनिनच्या कानावर गेलं. त्याने विचारलं, याला जोड आहे का कोणी? कोणीतरी इझुमो प्रांतातल्या सुकुनेचं नाव सांगितलं, त्याला बोलावून आणलं आणि सातव्या महिन्याच्या सातव्या दिवशी कुस्ती लागली. तुम्ही विचारलंत निकाली का, तर निकालीच, आणि फार वाईट निकाली. तेव्हा आजच्या सुमोसारखे नियम नव्हते, लाथा चालायच्या. दोघांनी पाय उचलले, सुकुनेने केहायाच्या बरगड्या मोडल्या आणि मग कंबर तुडवून मोडली, केहाया तिथेच गेला. त्याची जमीन सुकुनेला बक्षीस मिळाली. आपल्याकडे भीम आणि जरासंधाची कुस्ती आठवेल कुणालाही. जपानी लोक सुमोची सुरुवात या कुस्तीपासून धरतात. पण एक गोष्ट मला फार आवडते, हरलेल्या केहायालाही त्याच्या गावाने टाकलं नाही, नारा जिल्ह्यात ताइमाला त्याची समाधी म्हणून एक जागा अजून दाखवतात आणि शेजारी सुमोचं संग्रहालय आहे, ते सुकुनेच्या नाही तर केहायाच्या नावाने आहे.

पण तुमचा खरा प्रश्न वेगळाच आहे असं मला वाटतं, की तो फोटो तुम्हाला, म्हणजे मातीतल्या माणसाला, खरा का वाटला. त्याचं कारण सांगते. बहुतेक इकी-निंग्यो कपडे घातलेल्या असायच्या. बाई असो, सामुराई असो, साधू असो, चेहरा, हात आणि पाय एवढंच मन लावून करायचं, किमोनोच्या आत बांबूचा नाहीतर कागदाचा सांगाडा असला तरी कोण बघतंय. पहिलवानाचं तसं नाही. कमरेला पट्टा एवढाच कपडा. म्हणजे खांदा, काख, पोटाची वळी, मांडीची मागची बाजू, टाच, सगळं उघड्यावर, आणि समोर उभा असलेला प्रेक्षक सुमो बघून बघून डोळे तयार झालेला. तुम्हाला मी काय सांगणार, पकड घातली की जोर दंडात दिसतो पण येतो पायाच्या अंगठ्यातून आणि कमरेतून, ज्याला उचललाय त्याचं वजन उचलणाऱ्याच्या मानेवर दिसतं. हे एका जरी ठिकाणी चुकलं असतं तर बघणाऱ्याने तिथल्या तिथे ओळखलं असतं. कामेहाचीने एक सोडून दोन उघडी अंगं केली आणि तीही एकमेकांत गुंतलेली, म्हणजे एकाच्या जोराचं उत्तर दुसऱ्याच्या अंगावर दिसलं पाहिजे. माझ्या मते या कलेत याहून अवघड परीक्षा नाही, आणि तुम्ही फोटो बघून फसलात म्हणजे मिरजेच्या तालमीतून तो सव्वाशेहून जास्त वर्षांनी पास झाला.

अजून एक, तो काळही बघा. मेइजी सम्राटाची राजवट आल्यावर परदेशी लोकांपुढे लाज नको म्हणून रस्त्यावर उघड्याने फिरायला सरकारने बंदी आणली, सुमोलाही रानटी म्हणणारे खूप झाले होते. १८८४ साली सम्राटाने स्वतः बसून सुमो बघितला आणि मग पहिलवानांना पुन्हा मान आला. त्यानंतर सहाच वर्षांनी ही जोडी झाली.

प्रश्न : आम्ही पेणला गणपतीच्या कारखान्यात कामाला आहोत, मी डोळ्यांची आखणी करतो. शाडू आणि प्लास्टर दोन्हीचं काम माहितीये. या जपानी मूर्तींची कातडी इतकी खऱ्यासारखी कशी दिसते? स्प्रे तर तेव्हा नव्हता. आणि डोळे आखलेत का बसवलेत? — पेण

उत्तर : हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं कारण हे विचारायला कामातलाच माणूस लागतो.

आधी अंग. डोकं आणि उघडे भाग लाकडाचे, बऱ्याचदा किरी नावाच्या झाडाचं लाकूड, फार हलकं, सावंतवाडीच्या खेळण्यांना पांगारा वापरायचे तसं समजा. काही ठिकाणी साच्यावर कागदाचे थर देऊन पोकळ अंग करायचे. त्याच किरीचा भुसा खळीत कालवून लगदा करायचा आणि जिथे भर हवी तिथे तो लावायचा.

आता कातडी, आणि इथे खरी मेहनत आहे. रंगाचा अस्तर म्हणून जे वापरतात त्याला गोफुन म्हणतात, ती कालवांच्या शिंपल्यांची पूड. शिंपले समुद्रावरून आणले आणि कुटले असं नाही, ते वर्षानुवर्षं उघड्यावर ऊन-पाऊस खात ठेवतात, आतला चिकटपणा, खार सगळा निघून जाऊन ते ठिसूळ होईपर्यंत, मग दळायचे, पाण्यात बसवून बारीक पूड वेगळी करायची, वाळवायची. वापरायच्या दिवशी ती पूड खलात आणखी घोटायची आणि तिच्यात कोमट सरस थेंब थेंब घालायचा, सरस म्हणजे आपल्याकडे सुतार वापरायचे तोच, जनावराच्या कातडीचा. थेंब थेंब का, तर एकदम ओतला की गुठळ्या होतात आणि गुठळी म्हणजे पुढे कातडीवर फोड. मग त्याचा भाकरीच्या पिठासारखा गोळा करायचा आणि ताटलीवर शंभर वेळा आपटायचा, खरंच शंभर, त्या कामाला जपानीत ‘शंभर चापट्या’ असंच नाव आहे. आपटून आपटून गोळ्यातली हवा निघते आणि सरस कणाकणाला लागतो. मग पातळ करून थरावर थर. एक थर वाळल्याशिवाय दुसरा नाही. वरच्या थरांत अंगाचा रंग मिसळलेला असतो, त्यामुळे रंग वर फासल्यासारखा न वाटता आतून आल्यासारखा वाटतो. शिंपल्याच्या पुडीला एक मऊ चमक असते, तेलकट नाही, घाम पुसल्यावर अंग दिसतं तशी. सरस कमी पडला तर पूड हाताला लागते, जास्त झाला तर वर्षा-दोन वर्षांत तडा जातो, आणि हे प्रमाण हवेवर बदलतं, पावसाळ्यात वेगळं, हिवाळ्यात वेगळं. तुम्हाला शाडूत हे रोजचंच आहे.

केस माणसाचे. डोक्यावरचे, भुवयांचे, पापण्यांचे, बारीक भोकं पाडून बसवलेले.

आणि डोळे बसवलेलेच आहेत. इकी-निंग्योत काचेचे. पण ही युक्ती कामेहाचीच्या काळातली नाही, खूप जुनी आहे. नारामधल्या चोगाकुजी देवळात ११५१ सालची अमिदा बुद्धाची मूर्ती आहे, तीत स्फटिकाचे डोळे आहेत, तारीख माहीत असलेल्यांत सगळ्यात जुने तेच. पद्धत अशी, मूर्तीचं डोकं आतून पोकळ करायचं, डोळ्याच्या जागी आरपार खाच ठेवायची, स्फटिकाचा पातळ भिंगासारखा तुकडा आतल्या बाजूने त्या खाचेत बसवायचा, बुबुळ त्या तुकड्याच्या पाठीवर रंगवायचं, त्याच्यामागे पांढरा कागद नाहीतर कापूस आणि त्यामागे लाकडाची फळी लावून बांबूच्या खिळ्यांनी घट्ट करायचं. म्हणजे तुम्ही डोळा समोरून आखता, तो माणूस मागून आणि उलटा आखत होता, आणि एकदा फळी ठोकली की संपलं, नजर तिरकी गेली तर दुरुस्ती नाही. देवळातल्या दिव्याची ज्योत हलली की त्या डोळ्यात ओलावा हलल्यासारखा वाटतो.

प्रश्न : पहिलवानाचा सगळ्यात जुना जपानी पुतळा कोणता? कॉलेजला प्रोजेक्ट आहे. — विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : जुन्यात जुने म्हणून हानिवा बघ. दीड हजार वर्षांपूर्वी राजांच्या, सरदारांच्या थडग्यांच्या टेकाडावर भाजक्या मातीचे पुतळे मांडायचे, त्यात घोडे, घरं, सैनिक आणि पहिलवानही आहेत. वाकायामाच्या इन्बे हाचिमानयामा थडग्यातला पहिलवान प्रोजेक्टला घे, कमरेला पट्टा स्पष्ट दिसतो. ते खऱ्यासारखे नाहीत, डोळे म्हणजे नुसती भोकं, पण अंगाचा भार बरोबर पकडलाय. आणि एक मजेशीर धागा लिही. निहोन शोकीत असं आहे की राणी वारली तेव्हा तिच्याबरोबर जिवंत नोकर पुरायच्या ऐवजी मातीची माणसं ठेवू असं सम्राटाला सुचवणारा हाच नोमी नो सुकुने, त्याने इझुमोहून शंभर कुंभार बोलावले. पुरातत्त्ववाले म्हणतात तसं घडलेलं नाही, हानिवाची सुरुवात माणसांपासून नाही तर साध्या नळकांड्यांपासून झाली, तेव्हा दंतकथा म्हणूनच लिही. तरी पहिला पहिलवान आणि पुतळे करणाऱ्यांचा मूळपुरुष एकच माणूस मानला जातो, हे मला विलक्षण वाटतं.

प्रश्न : अजिंठ्याच्या वज्रपाणीचा आणि जपानी पहिलवान-पुतळ्यांचा संबंध आहे असं एका गाइडने सांगितलं. खरं का पर्यटकांना सांगायची गोष्ट? — छत्रपती संभाजीनगर

उत्तर : खरं आहे, फक्त तो सरळ रेषेत नाही. बुद्धाचा रक्षक वज्रपाणी मध्य आशिया, चीन, कोरिया असा जपानला पोचला आणि तिथे देवळाच्या दारात दोन रक्षक झाला, त्यांना निओ म्हणतात. त्यांचं दुसरं नाव कोंगोरिकिशी, कोंगो म्हणजे वज्र, आणि रिकिशी म्हणजे जोरवाला माणूस. आज सुमो पहिलवानाला जपानीत म्हणतात तोच हा शब्द, रिकिशी. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला वज्रपाणी राजबिंडा आहे, दागिने घातलेला, शांत. जपानच्या दारातला तोच देव कमरेपर्यंत उघडा, शिरा फुगलेल्या, पंजा ताणलेला.

मी नारामध्ये तोदाइजी देवळाच्या दक्षिण दरवाजात उभी राहिलेय. बाहेर हरणं फिरत असतात, शाळेची मुलं बिस्किटं देत असतात, आणि तुम्ही दरवाजाच्या सावलीत शिरलात की दोन्ही बाजूंनी साडेआठ मीटरच्या आसपास उंचीचे दोन पहिलवान. पुढे जाळी आहे, पक्षी बसू नयेत म्हणून, तिच्यातून बघावं लागतं. १२०३ साली उनकेइ, काइकेइ या मूर्तिकारांनी आणि त्यांच्या माणसांनी हे ६९ दिवसांत उभे केले. एका झाडाचे नाहीत, एकेक मूर्ती जवळजवळ तीन हजार लाकडी तुकडे जोडून केलीये, म्हणून तर इतक्या कमी दिवसांत झालं, एकाच वेळी खूप हात चालले. १९८८ ते १९९३ त्यांची दुरुस्ती झाली तेव्हा मूर्तींच्या पोटातून जुने कागद निघाले आणि कुठली मूर्ती कोणाच्या हाताखाली झाली ते कळलं.

एकाचं तोंड उघडं, तो ‘आ’. दुसऱ्याचं मिटलेलं, तो ‘उन’. हे आपल्याच वर्णमालेतून गेलेलं आहे, पहिला स्वर आणि शेवटचा मिटलेला हुंकार. आणि आता कुस्तीवाल्यांनी ऐका, सुमोत लढत सुरू करायला शिट्टी नसते, दोघं पहिलवान समोरासमोर बसतात आणि दोघांचा श्वास जुळला की एकदम उठतात, त्या जुळण्याला जपानीत ‘आ-उनचा श्वास’ म्हणतात. संस्कृतातली दोन अक्षरं टोकियोच्या सुमोच्या रिंगणात अजून चालू आहेत.

प्रश्न : स्पष्ट लिहितो. यात आर्ट कसलं? काचेचे डोळे आणि खरे केस लावून माणसासारखा माणूस केला, ते मादाम तुसाँमध्येही करतात. जत्रेतला खेळ तो. उगाच ‘शिल्प’ म्हणून डोक्यावर घेऊ नये. — पुणे

उत्तर : जत्रेतला खेळ होता हे शंभर टक्के खरं, ते मी लपवत नाहीये. १८५४ साली ओसाकात आणि पुढच्या वर्षी एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, आसाकुसा भागात मात्सुमोतो किसाबुरोने, हाही कुमामोतोचाच, कामेहाचीपेक्षा एका वर्षाने मोठा, तिकीट लावून या बाहुल्यांचा खेळ मांडला, त्यात लांब हातांचे, लांब पायांचे असे दूरदेशचे अजब लोक होते. तो काळ लक्षात घ्या, अमेरिकन कमोडोर पेरीची जहाजं नुकतीच येऊन थडकलेली, बाहेरचं जग कसं असेल याचीच चर्चा. त्याच १८५४ साली योकोहामाला जपान्यांनी पेरीच्या लोकांसमोर सुमो पहिलवान आणून उभे केले, त्यांनी भाताची पोती डोक्यावर धरून नेली, एकाने तर दातात धरून नेलं, आणि पेरीला त्यातल्या एकाचा दंड दाबून बघायला लावला. अमेरिकनांनी तोफा दाखवल्या, जपान्यांनी अंग दाखवलं.

पण खेळ होता म्हणून कला नव्हती, हे मला मान्य नाही. आपल्याकडे दशावतार जत्रेतच होतो ना? किसाबुरो आणि कामेहाची दोघं पोरं असल्यापासून कुमामोतोच्या जिझो या बौद्ध देवतेच्या उत्सवात एकमेकांशी चढाओढ करत मोठे झाले, तिथे घरातल्या भांड्याकुंड्यांतून देखावे करायची पद्धत होती. पुढे किसाबुरोला सरकारी वैद्यक शाळेने माणसाच्या शरीराचं मॉडेल करायला सांगितलं. शरीर शिकवायला ज्याच्या हातावर डॉक्टर विसंबले तो नुसता खेळवाला? त्याने केलेली माणसं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनपर्यंत पोचली. ताकामुरा कोउन, जो स्वतः बुद्धमूर्ती करणाऱ्यांच्या परंपरेतला आणि पुढे आधुनिक जपानी शिल्पातलं मोठं नाव झाला, त्याने किसाबुरोचं काम तरुणपणी बघितलं आणि म्हातारपणी आठवणी सांगताना त्याचं मनापासून कौतुक केलं.

मग हे लोक मागे का पडले? १८७३च्या व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने जपानीत ‘बिजुत्सु’ हा शब्द घडवला गेला, ‘ललित कला’ या अर्थाचा, त्याआधी तसा शब्दच नव्हता. १८७६ला सरकारी कलाशाळा निघाली, शिल्प शिकवायला इटलीहून विन्सेन्झो रागुसा आला, संगमरवर आणि प्लास्टर म्हणजे शिल्प असं ठरलं. रंगवलेली कातडी, खरे केस, तिकीट, हे सगळं दाराबाहेर राहिलं. काम वाईट होतं म्हणून नाही, कप्पा नव्हता म्हणून. आणि बाहुली म्हटलं की जपायची कोण, खेळ संपला की मोडायचं, विकायचं, आगीत आणि भूकंपात जायचं, त्यामुळे शेकडो केल्या त्यातल्या फार थोड्या उरल्या.

तुसाँचं म्हणाल तर तिथे आपण ओळखीचा चेहरा शोधतो, अमुक नट हुबेहूब दिसतो का बघतो. सुकुने आणि केहायाचा चेहरा कोणी बघितलाय? तिथे हुबेहूब असायला मूळ माणूसच नाही. कामेहाचीला दोन माणसं मनातून उभी करायची होती आणि ती लढतायत यावर आपला विश्वास बसवायचा होता. याला शिल्प नाही म्हणायचं तर मग कशाला म्हणायचं ते तुम्ही मला लिहून कळवा, मी छापेन.

प्रश्न : एका जपानी कलाकाराने मरायच्या आधी स्वतःचा पुतळा केला आणि स्वतःचे केस, नखं, दात उपटून त्याला लावले, खरं का? — ठाणे

उत्तर : तो हानानुमा मासाकिची, योकोहामाचा इकी-निंग्यो करणारा, पुतळा १८८५च्या सुमाराचा आणि तो अमेरिकेत ‘बिलीव्ह इट ऑर नॉट’वाल्या रिप्लेच्या संग्रहात गेला. पुतळा खरा. क्षय झाला, प्रेयसीसाठी केला, दात उपटले, ही गोष्ट मात्र तिकडच्या खेळांच्या जाहिरातींतून फुगत गेलेली आहे, तिच्यावर मी भरवसा ठेवणार नाही. खरे केस सगळेच वापरायचे, त्यासाठी स्वतःचे उपटायची गरज नव्हती.

प्रश्न : ही कला आता कोणी करतं का? — इचलकरंजी

उत्तर : तशीच्या तशी नाही. कामेहाचीचं नाव पुढे दोन पिढ्यांनी चालवलं, तिसरा कामेहाची १९४६पर्यंत होता, तोवर खेळ बंद पडले होते आणि हे हात दुकानांच्या शोकेसमधल्या बाहुल्यांकडे वळले होते. १९२७ला जपानने अमेरिकेतल्या मुलांना मैत्रीची भेट म्हणून ५८ मोठ्या बाहुल्या पाठवल्या, त्या करणाऱ्यांत हिराता गोयो होता, त्याच परंपरेतला, १९५५ला त्याला सरकारने ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला. पहिलवान मात्र हाकाताच्या मातीच्या बाहुल्यांत अजून मिळतात, छोटे, टेबलावर ठेवण्याइतके.

प्रश्न : मुलगा नोकरीनिमित्त फुकुओकाला आहे, एप्रिलमध्ये जाणार आहोत. ती पहिलवानांची जोडी बघता येईल का? — डोंबिवली

उत्तर : फुकुओकाच्या हाकाता स्टेशनवरून शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, कुमामोतो पाऊण तासाच्या आत-बाहेर, संग्रहालय शहराच्या मधोमध आहे. पण ही जोडी कायम मांडलेली असेलच असं नाही, नाजूक काम आहे, म्हणून मुलाला आधी फोन करून विचारायला सांगा. त्याच शहरात जोकोकुजी नावाचं देऊळ आहे, तिथे किसाबुरोने १८७१च्या आसाकुसाच्या खेळासाठी केलेली तानिगुमी कान्नोन आहे, यात्रेकरू बाईच्या रूपातली उभी देवी, तीही बघून या. आणि पहिलवान बघायला मिळाले तर चेहऱ्याकडे नंतर बघा, आधी खाली वाकून पाय बघा, बोटांनी जमीन कशी धरलीये ते.